बुद्धीची मोजपट्टी कोणाची?

बी.एड.ला बसलेल्या प्रत्येकाने बुद्धिगुणांकाचे सूत्र पाठ केलेले असते. मानसिक वयाला शारीरिक वयाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. सूत्राखाली बिने, स्टर्न, टर्मन ही नावे येतात. त्याखाली अमुक अंकाच्या वर ‘प्रतिभावान’ आणि तमुक अंकाच्या खाली ‘मंदबुद्धी’ असा तक्ता येतो आणि प्रकरण संपते. हे सूत्र कोणत्या गरजेतून निघाले, ते कोणत्या मुलांवर पडताळले, पुढे त्याचा वापर कोणी कशासाठी केला, याविषयी बहुतेक क्रमिक पुस्तके गप्प असतात.

भौतिकशास्त्रात असे गप्प राहणे एक वेळ चालून जाते. नळीत कोंडलेल्या हवेला प्रयोग करणारा कोणत्या देशाचा, कोणत्या शतकातला हे ठाऊक नसते. बॉइलचा नियम ऑक्सफर्डला जो लागू पडला तोच अकोल्याला लागू पडतो. पण समोर बसलेल्या मुलाला प्रश्न विचारला की ते प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहते, त्याची भाषा जोखते, त्याला कसले उत्तर हवे असेल याचा अंदाज बांधते. शिवाय ‘बुद्धी’ म्हणजे काय हे आधी कोणीतरी ठरवावे लागते आणि ठरवणारा माणूसही कोणत्या तरी गावात, कोणत्या तरी काळात राहत असतो. म्हणून मानसशास्त्रातला सिद्धान्त त्याचे ठिकाण आणि साल पुसून शिकवला, तर तो अपुरा राहतोच, शिवाय चुकीचा शिकवला जातो. बुद्धिमापनाच्या इतिहासात हे फार स्पष्ट दिसते. या इतिहासाची किंमत मुलांनी मोजलेली आहे, म्हणून शिक्षकांनी तो माहीत करून घ्यावा असे आम्हाला वाटते.

पॅरिसमधला प्रश्न

फ्रान्समध्ये १८८२च्या कायद्याने ६ ते १३ वर्षांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. तोवर शाळेचे तोंडही न पाहिलेली मुले वर्गात येऊन बसू लागली. त्यांतली काही मागे पडू लागली. या मुलांचे काय करायचे, हे ठरवण्यासाठी १९०४ साली फ्रेंच शिक्षण खात्याने एक आयोग नेमला. आल्फ्रेड बिने त्याचे सदस्य होते. कोणाला वेगळ्या मदतीची गरज आहे हे शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या लहरीवर सोडू नये, त्यासाठी काही ठरावीक रीत असावी, या हेतूने बिने आणि त्यांचे सहकारी थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली तीस प्रश्नांची एक श्रेणी तयार केली. १९०८ साली ते प्रश्न वयानुसार लावले आणि १९११ साली त्यांत पुन्हा सुधारणा केली.

म्हणजे ही चाचणी सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातून जन्मली. शाळा जी कामे मुलाकडून करून घेते तीच तिच्यात थोड्या वेगळ्या रूपात होती: आकडे ऐकून परत म्हणणे, शब्दांचा अर्थ सांगणे, चित्राचे वर्णन करणे, नाणी ओळखणे. दोन चेहऱ्यांची चित्रे दाखवून त्यांतला सुंदर कोणता असेही विचारलेले होते. या प्रश्नाचे ‘बरोबर’ उत्तर तेव्हाच्या पॅरिसच्या आवडीनिवडीतून आले होते, हे सांगायला मानसशास्त्रज्ञाची गरज नाही.

बिने यांना स्वतःच्या साधनाच्या मर्यादा माहीत होत्या. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, कमीजास्त न होणारी वस्तू आहे या मताला त्यांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात कडाडून विरोध केला. मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी लक्ष, स्मरण आणि निरीक्षण यांचे व्यायाम सुचवले आणि त्यांना ‘मानसिक अस्थिव्यंगोपचार’ अशा अर्थाचे नाव दिले. वाकलेला पाय जसा सरावाने सरळ करता येतो तसेच हे, अशी त्यांची कल्पना होती. चाचणी म्हणजे मदतीचे दार, हा तिचा मूळ अर्थ. बिने १९११ साली, ५४व्या वर्षी वारले.

अटलांटिक ओलांडल्यावर

पुढच्याच वर्षी जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म स्टर्न यांनी मानसिक वयाला शारीरिक वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुई टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणले आणि ‘स्टॅनफर्ड-बिने’ चाचणी प्रसिद्ध केली. मुलाची बुद्धी आता एका अंकात मांडली जाऊ लागली. अंक लक्षात राहतो, दोन अंकांची तुलना होते, यादी लावता येते. ज्या देशाला याद्या लावायच्या होत्या त्याला तो फार सोयीचा वाटला.

अमेरिकेचा प्रश्न पॅरिसपेक्षा वेगळा होता. दक्षिण आणि पूर्व युरोपातून लाखो गरीब स्थलांतरित न्यूयॉर्क बंदरात उतरत होते, आणि आधीपासून स्थायिक झालेल्या अनेकांना आपले राष्ट्र ‘निकृष्ट’ होईल अशी भीती वाटत होती. माणसांच्या पैदाशीवर नियंत्रण ठेवून वंश सुधारावा, असे सांगणारी सुप्रजननाची चळवळ जोरात होती. हेन्री गोडार्ड यांनी १९०८ साली बिने यांची श्रेणी इंग्रजीत नेली आणि १९१३ साली एलिस आयलंडवर उतरलेल्या तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांवर ती वापरली. दुभाष्यामार्फत प्रश्न विचारले. हे प्रवासी दोन आठवडे बोटीच्या पोटात काढून आलेले, अनेकांनी हातात कधी पेन्सिल न धरलेली. १९१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तपासलेल्या ज्यू, हंगेरियन, इटालियन आणि रशियन गटांपैकी प्रत्येकात पाचांतले चार जण ‘दुर्बल मनाचे’ निघाले.

या आकड्यांविषयी बोलताना टीकाकारही घाई करतात, तेही नोंदवायला हवे. गोडार्ड यांनी सरसकट सगळे प्रवासी तपासले नव्हते. उघडच हुशार आणि उघडच मंद दिसणारे त्यांनी आधी बाजूला काढले होते, एकेका गटात पन्नास किंवा त्याहून कमी माणसे होती, आणि या उणिवेमागे वंशापेक्षा दारिद्र्य असण्याचा संभव त्यांनी स्वतःच मांडला होता. पण पाचांत चार असा निष्कर्ष हाती आल्यावर चाचणीच सदोष असेल अशी शंका सर्वांत आधी यायला हवी होती. प्रयोगशाळेतल्या तापमापकाने दहापैकी आठ माणसांना कडक ताप दाखवला, तर आम्ही आधी तापमापक झटकून पाहतो.

पहिल्या महायुद्धात हे काम प्रचंड प्रमाणावर झाले. रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची बुद्धी मोजली गेली. इंग्रजी वाचणाऱ्यांना ‘अल्फा’ आणि न वाचणाऱ्यांना ‘बीटा’ चाचणी होती. अल्फा चाचणीत क्रिस्को हे औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ, असा पर्यायी प्रश्न होता. क्रिस्को हा अमेरिकी स्वयंपाकघरातल्या वनस्पती तुपाचा एक छाप. बीटा चाचणीत अपुरे चित्र पूर्ण करायचे होते, आणि एका चित्रात टेनिसच्या मैदानावर जाळी नव्हती. सिसिलीच्या खेड्यातून आलेल्या मजुराला ती जाळी सुचली नाही, तर उणीव त्याच्या मेंदूत होती की त्याच्या गावात टेनिसचे मैदान नव्हते एवढेच?

याच आकडेवारीत एक मोलाची गोष्ट दडलेली होती. अमेरिकेत येऊन पाच वर्षे न झालेल्या परदेशी सैनिकांचे सरासरी मानसिक वय सुमारे ११.३ भरले, तर वीस वर्षांहून अधिक काळ राहिलेल्यांचे सुमारे १३.७. जितकी वर्षे अमेरिकेत तितके गुण जास्त. याचा सरळ अर्थ, चाचणी अमेरिकेची ओळख मोजत होती. कार्ल ब्रिगम यांनी १९२३ साली लिहिलेल्या पुस्तकात उलटा अर्थ लावला: आधी आलेले वंश चांगले आणि अलीकडे येणारे निकृष्ट. आकडे तेच होते. अर्थ लावणाऱ्याच्या मनात काय होते त्यावर निष्कर्ष ठरला. १९३० साली ब्रिगम यांनी आपले हे विवेचन निराधार असल्याचे छापून मान्य केले. पण त्याआधी, १९२४ साली, स्थलांतरावर वंशवार मर्यादा घालणारा कायदा झालेला होता. त्या कायद्यात या चाचण्यांचा वाटा किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. तो कायदा चाचण्यांशिवायही झाला असता असे मानायला जागा आहे. समाजाच्या मनात जे होते तेच शास्त्राच्या भाषेत परत आले, एवढे मात्र निश्चित.

या भाषेची किंमत काय असते, हे कॅरी बक या मुलीच्या खटल्यावरून कळते. व्हर्जिनिया राज्यातली ही गरीब मुलगी दुसऱ्याच्या घरी वाढली, तिथेच तिच्यावर बलात्कार झाला, आणि ती गरोदर राहिल्यावर तिला ‘दुर्बल मनाच्या’ लोकांच्या वसाहतीत धाडण्यात आले. स्टॅनफर्ड-बिने चाचणीत तिचे मानसिक वय नऊ भरले. तिची आई तशीच आणि तान्ही मुलगीही तशीच, असे न्यायालयात मांडले गेले. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी तिची नसबंदी वैध ठरवली. पुढे अशा कायद्यांखाली अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली. कॅरीची ‘दुर्बल मनाची’ मुलगी व्हिव्हियन शाळेत गेली आणि १९३१ साली तिचे नाव गुणवंतांच्या यादीत लागले. ती आठव्या वर्षी आजाराने वारली.

काय गाळायचे, काय ठेवायचे

चाचणी वस्तुनिष्ठ असते, असे पुस्तकात लिहिलेले असते. ती कशी बांधतात हे पाहिले तर या शब्दाचा अर्थ थोडा बदलतो. टर्मन यांनी १९१६च्या चाचणीची प्रमाणके मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या, अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या, मध्यम स्थितीतल्या मुलांवरून काढली. शंभर म्हणजे ‘सर्वसामान्य’ हे त्या मुलांवरून ठरले. १९३७च्या सुधारित आवृत्तीत आणखी एक निर्णय घेतला गेला. ज्या प्रश्नांत मुलगे आणि मुली यांच्यात मोठा फरक पडत होता, ते प्रश्न एका बाजूला अन्याय करतात म्हणून गाळले गेले. त्यामुळे दोघांची सरासरी जवळजवळ सारखी आली.

हा निर्णय योग्यच होता. पण त्याचा अर्थ नीट पाहावा. मुलगे-मुली समान आहेत असा शोध चाचणीने लावला नाही. तशी समानता धरून चाचणी बांधली गेली. मग शेतमजुराची मुले आणि डॉक्टरची मुले यांच्यात फरक पाडणारे प्रश्न का गाळले नाहीत? गोरे आणि काळे यांच्यात फरक पाडणारे का ठेवले? तिथला फरक ‘खरा’ आहे, असे आधीच धरलेले होते. कोणता फरक चाचणीचा दोष मानायचा आणि कोणता निसर्गाचा नियम मानायचा, हा निर्णय आकडेमोड सुरू होण्यापूर्वीच झालेला असतो. तो समाजाकडून येतो.

उझबेकिस्तानातला ओंडका

आता उलट टोकाच्या समाजाकडे पाहू. १९३१ आणि १९३२च्या उन्हाळ्यांत सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया उझबेकिस्तान आणि किरगिझियाच्या खेड्यांत गेले. क्रांती, सामुदायिक शेती आणि शाळा यांमुळे तिथले जीवन वेगाने बदलत होते. समाज बदलला की माणसाची विचार करण्याची पद्धतही बदलते, हा लुरिया आणि त्यांचे सहकारी लेव वायगॉट्स्की यांचा सिद्धान्त. सोव्हिएत राज्याच्या तत्त्वज्ञानाशी तो जुळणाराही होता.

लुरिया यांनी निरक्षर शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांची चित्रे दाखवली आणि गटात न बसणारी वस्तू वेगळी काढायला सांगितली. शाळेत गेलेला माणूस ओंडका बाजूला काढतो, कारण बाकीची तीन हत्यारे आहेत. शेतकऱ्यांनी ओंडका काढायला नकार दिला. ओंडकाच नसेल तर कापायचे काय? हत्यारे घेऊन करायचे काय? दुसरा प्रश्न तर्काचा होता. बर्फाळ उत्तरेत सगळी अस्वले पांढरी असतात आणि नोवाया झेमल्या हे बेट त्या उत्तरेत आहे, तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? अनेकांचे म्हणणे पडले की आम्ही तिथे गेलो नाही, ज्याने पाहिले असेल त्याला विचारा.

थोडे शिकलेल्या, अगदी अल्प मुदतीचा अभ्यासक्रम केलेल्या किंवा सामुदायिक शेतीच्या कारभारात भाग घेणाऱ्या लोकांनी मात्र अपेक्षित उत्तरे दिली. एवढ्या थोड्या काळात कोणाचा मेंदू नवा होत नाही. बदलली होती ती प्रश्नाकडे पाहण्याची रीत. लुरिया यांच्या कामातला हा भाग आजही भक्कम आहे.

पण त्यांच्या निष्कर्षातही त्यांचा काळ डोकावतो. वस्तूंचा उपयोगावरून गट करणे ही विचाराची ‘खालची’ पायरी आणि वर्गवारी ही ‘वरची’, असे त्यांनी धरले. मॉस्को वर, खेडे खाली. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल ठामपणे बोलू नये, हा तर आम्ही प्रयोगशाळेत नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी शिकवतो तो नियम. उझबेक शेतकरी तोच पाळत होते. आणि इतिहासाचा विरोधाभास असा, की हेच काम मॉस्कोत अल्पसंख्य जमातींचा अपमान करणारे ठरले. ते बाजूला ठेवावे लागले आणि पुस्तक निघायला १९७४ साल उजाडले. दरम्यान १९३६ साली सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाने एका ठरावाने शाळांतल्या बुद्धिचाचण्यांवर बंदीच घातली. अमेरिकेत चाचणीचे निष्कर्ष समाजाला सोयीचे होते म्हणून ते स्वीकारले गेले. इथे ते सत्तेला गैरसोयीचे होते म्हणून दडपले गेले. दोन्हीकडे शास्त्राचे नुकसानच झाले.

शहाणा कसा करील, मूर्ख कसा करील

लुरिया यांचा धागा अमेरिकेच्या मायकेल कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया देशात पुढे नेला. तिथल्या क्पेले शेतकऱ्यांपुढे खाद्यपदार्थ, भांडी, कपडे, हत्यारे अशा वीस वस्तू ठेवून त्यांचे गट करायला सांगितले. शेतकऱ्यांनी उपयोगावरून जोड्या लावल्या, जसे सुरीबरोबर ती जे कापते ते फळ. शहाणा माणूस असेच करील, असे त्यांचे म्हणणे. सहकाऱ्यांपैकी जोसेफ ग्लिक यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. वैतागून शेवटी विचारले गेले की मग मूर्ख माणूस कसा करील? त्याबरोबर वस्तूंचे चार नीटनेटके ढीग झाले: खाण्याचे एकीकडे, भांडी एकीकडे, कपडे एकीकडे, हत्यारे एकीकडे. चाचणीत पूर्ण गुण मिळवून देणारे उत्तर त्यांना येत होते. शहाण्याने तसे करावे असे मात्र त्यांना वाटत नव्हते.

याच संशोधकांनी बाजू पालटूनही पाहिली. ढिगात किती मापे तांदूळ आहे याचा अंदाज बांधायला सांगितला, तेव्हा भातशेतीत वाढलेल्या क्पेले माणसांनी शिकलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांना मागे टाकले. चाचणी लायबेरियात बनली असती तर मंद कोण ठरले असते, हे वाचकांनीच ठरवावे.

चित्रांच्या चाचणीवर भाषेचा परिणाम नसतो का?

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. शब्द आणि वस्तू टाळून नुसत्या आकृत्या दिल्या तर चाचणी संस्कृतीपासून मुक्त होईल. इंग्लंडात १९३८ साली प्रसिद्ध झालेली रेव्हन यांची आकृतिबंध चाचणी याच भरवशावर जगभर वापरली गेली. हा भरवसा न्यूझीलंडमधले अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी हलवला. त्यांनी १९८४ साली अमेरिकेतले आणि १९८७ साली चौदा देशांतले जुने-नवे निकाल शेजारी ठेवले. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा जास्त गुण मिळवत होती, अमेरिकेत दर दहा वर्षांना सुमारे तीन गुण. सर्वांत मोठी वाढ आकृत्यांच्या चाचणीत होती. हॉलंडमध्ये सैन्यभरतीच्या वेळी घेतलेल्या या चाचणीचे गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे वीसने वाढले होते.

तीस वर्षांत डच लोकांचे जनुक बदलले नाहीत. बदलली ती शाळेतली वर्षे, कामाचे स्वरूप, आहार, घरातली मुलांची संख्या, रोजच्या जगण्यातली चिन्हे आणि तक्ते. फ्लिन यांनी स्पष्टीकरणासाठी लुरिया यांच्या शेतकऱ्यांचाच आधार घेतला: आपल्या पणजोबांनी जगाकडे वर्गवारीच्या चष्म्यातून पाहायची सवय केलेली नव्हती, आपण केली आहे. १९०० सालच्या अमेरिकनांना आजच्या प्रमाणकांनी मोजले, तर त्यांची सरासरी सत्तरच्या आसपास येईल, असे त्यांचे गणित सांगते. ते पणजोबा मतिमंद होते असे कोणी म्हणणार नाही. नॉर्वेमध्ये तर अलीकडच्या पिढ्यांत गुण घसरू लागले, आणि ही घसरण सख्ख्या भावांमध्येही दिसते, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सुमारे सहा लाख माणसांवरील अनेक अभ्यास एकत्र करून असे दिसले, की शाळेतले प्रत्येक जादा वर्ष बुद्धिगुणांक एक ते पाच गुणांनी वाढवते. शिक्षकांच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. मुलाला शिकवावे की नाही हे ज्या अंकावरून ठरवायचे, तो अंक शिकवण्यानेच बदलतो.

आपल्याकडे

ही चाचणी मराठी मुलांपर्यंतही लवकर पोचली. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी कानडी आणि मराठी भाषिक मुलांसाठी बिने यांच्या श्रेणीची केलेली पुनर्रचना १९३४ साली प्रसिद्ध झाली आणि १९४० साली त्यावर पुस्तक आले. नुसते भाषांतर पुरत नाही, प्रश्न इथल्या मुलांवर पडताळून वयानुसार पुन्हा लावावे लागतात, हे त्यांनी ओळखले. हे काम त्या काळी एकट्याच्या बळावर करणे सोपे नव्हते. बिने-कामत चाचणी त्यानंतर कित्येक दशके वापरात राहिली.

अडचण तिथेच आहे. फ्लिन यांचा शोध खरा असेल, तर दोन पिढ्यांपूर्वीच्या प्रमाणकांवर मोजलेले आजचे मूल आहे त्यापेक्षा पुढे दिसेल, आणि त्याला मिळायला हवी असलेली मदत नाकारली जाऊ शकेल. उलट घरी कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारले, तर ते मागे दिसेल. चाचणी तीच, पण एका मुलाचा हक्क जातो आणि दुसऱ्याच्या कपाळी शिक्का बसतो.

मग सगळेच खोटे का?

इथवर वाचून कोणी म्हणेल की मानसशास्त्रातले सगळेच सापेक्ष, तेव्हा चाचण्या फेकून द्याव्यात. आम्हाला हे मान्य नाही. सिद्धान्त कुठे जन्मला यावरून तो खोटा ठरत नाही. ब्रिगम यांची चूक त्यांच्याच आकड्यांनी उघडी पडली. रेव्हन यांच्या चाचणीची मर्यादा जुन्या निकालांची काळजीपूर्वक तुलना करून कळली. संदर्भाचे भान ठेवणे म्हणजे मोजणे थांबवणे असे कोणी समजू नये. अधिक काटेकोर मोजायचे असेल तर हे भान लागतेच.

बुद्धिगुणांकावरून शाळेतल्या यशाचा बऱ्यापैकी अंदाज येतो, हेही खरे. शाळेतूनच निघालेल्या मोजपट्टीकडून तेवढी अपेक्षा रास्तच आहे. एखाद्या मुलाला कुठे अडते हे शोधायला ती उपयोगी पडते. आनुवंशिकतेचा वाटा असतो हेही जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते. पण एका गटातल्या फरकांवरून दोन गटांतल्या फरकाचे कारण सांगता येत नाही. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० साली दिलेला दाखला आपल्या शेतातही पाहता येईल. एकाच पोत्यातले मिश्र बियाणे अर्धे काळ्या जमिनीत आणि अर्धे मुरमाड जमिनीत पेरा. एकेका वावरातल्या ताटांच्या उंचीतला फरक बियाण्यामुळे असेल, पण दोन वावरांतला फरक जमिनीमुळे असेल. मुरमाड वावर पाहून बियाण्याला नावे ठेवणारा शेतकरी शहाणा नव्हे.

आज बौद्धिक अक्षमतेचे निदान केवळ अंकावर करू नये, रोजच्या जगण्यातली कौशल्येही तपासावीत, हे तज्ज्ञांत सर्वमान्य आहे. मूल स्वतःचे स्वतः आवरते का, पैशांचा व्यवहार करते का, निरोप पोचवते का, हे तपासणाऱ्याला खोलीत दिसत नाही. शिक्षकाला आणि आईबापांना ते दिसते.

वर्गातली तपासणी

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. तेरेझिन्हा नुनेस कॅराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ, फळे विकणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. नंतर तीच गणिते कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तर ३७ टक्केच बरोबर आली. शाब्दिक उदाहरणांच्या रूपात दिली तेव्हा प्रमाण ७४ टक्के होते. पाच मुलांवरून जगाचा नियम सांगता येत नाही. पण कागदावरच्या ३७ टक्क्यांवरून त्या मुलांना गणित येत नाही असे म्हणणे चुकीचे ठरले असते, हे सिद्ध करायला पाच मुले पुरेशी आहेत. अशी पाच मुले आठवडे बाजाराच्या कोणत्याही गावातल्या वर्गात सापडतील. हा प्रयोग विज्ञानमंडळाच्या मोठ्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल, आणि त्यांनी तो करावा.

मानसशास्त्राचा कोणताही सिद्धान्त समोर आला, मग तो बुद्धीचा असो, प्रेरणेचा असो वा बालविकासाच्या पायऱ्यांचा, तर तीन प्रश्न विचारावेत. हा कोणत्या माणसांना पाहून काढला? त्या वेळी त्या समाजाला कोणता प्रश्न सतावत होता? ज्यांच्याविषयी तो बोलतो, त्यांच्या रोजच्या कामात तो तपासला आहे का? आणि आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाचा चाचणी-अहवाल हाती आला, तर अंकाकडे वळण्याआधी चाचणीचे नाव, तिच्या प्रमाणकांचे साल आणि ती कोणत्या भाषेत घेतली हे पाहावे. ते अहवालात नसेल तर लेखी मागावे. मग आपण वर्षभर पाहिलेले ते मूल काय काय करू शकते, याचे एक पानभर टिपण त्या अहवालाला जोडावे.